हिशेबाबाहेरचा वसंत

१० जुलै १७९१ रोजी फिलाडेल्फियाचे विख्यात वैद्य डॉ. बेंजामिन रश यांनी आपले स्नेही टॉमस जेफरसन यांस एक विस्तृत पत्र लिहिले. दोघांच्याही सह्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर होत्या आणि जेफरसन हे तर त्या वेळी नव्या प्रजासत्ताकाचे परराष्ट्रमंत्री होते. अशा दोन पुरुषांचा पत्रव्यवहार म्हटला की तह, कर्जरोखे, राज्यघटना असले विषय मनात येतात. या पत्राचा विषय मात्र एक झाड होते. उत्तर अमेरिकेच्या थंड अरण्यांत वाढणाऱ्या मेपल वृक्षाच्या रसापासून साखर कशी होते, एका झाडापासून किती होते, तिला खर्च काय येतो आणि ती पुरेशी होऊ लागल्यास वेस्ट इंडीज बेटांत गुलामांच्या रक्ताघामाने पिकणारी साखर कशी अनावश्यक ठरेल, याचा तो सविस्तर हिशेब होता. त्याच वर्षी १९ ऑगस्टला तो अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे वाचण्यात आला.

हा हिशेब पुढे साफ चुकला. उदात्त हेतूने मांडलेले हिशेब चुकतात तेव्हा इतिहासकार बहुधा हळहळून पुढे जातात. परंतु ज्यांचे दिवस अंदाजपत्रके मांडण्यात आणि ती का जमली नाहीत याची कारणे लिहिण्यात जातात, अशा आपल्यासारख्यांनी या प्रकरणापाशी थोडे थांबावयास हरकत नाही.

प्रथम त्या झाडाची ओळख करून घेऊ. काश्मिरात राहून आलेले आपले बांधव चिनारालाच मेपल समजतात, परंतु पानांच्या आकारातील साम्यामुळे झालेला तो गैरसमज आहे. चिनाराचे कूळ निराळे. साखर-मेपलची घनदाट वने आहेत ती अमेरिकेच्या ईशान्य भागातील व्हरमाँट, न्यूयॉर्क, मेन या राज्यांत आणि लगतच्या कॅनडातील क्वेबेक व ऑन्टारिओ या प्रांतांत. छिद्र पाडण्याजोगे खोड व्हावयास या झाडाला चाळीसएक वर्षे लागतात. हिवाळा सरता सरता त्याच्या खोडात गिरमिटाने दोन-अडीच इंच खोल छिद्र पाडावयाचे, त्यात एक लहानशी पन्हळ ठोकावयाची आणि तिला बादली अडकवावयाची, एवढाच मूळ विधी. पाण्यासारखा निर्मळ रस थेंबथेंब गळू लागतो. त्यात साखरेचा अंश शेकडा दोनच्या आसपास; उसाच्या रसात तो याच्या सात-आठपट असतो. म्हणून चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा कोठे लिटरभर पाक हाती येतो. आपल्या गुऱ्हाळात काहिलीतून काकवी उतरते, तिचीच ही दूरची बहीण म्हणावी. आणखी आटवून घोटली की तिची साखर किंवा ढेप होते. मळी काढणे, ऊत जाऊ न देणे, पाक कोणत्या क्षणी उतरवावयाचा हे नजरेने ओळखणे, ही गुळव्याची सारी कसबे तेथेही लागतात.

परंतु आपला ऊस आणि हे झाड यांत एक मूलभूत भेद आहे. ऊस उभा असतो. आज गाळला नाही तर आठवड्याने गाळता येतो. मेपलचा रस मात्र हवेच्या लहरीवर वाहतो. रात्री पारा गोठणबिंदूच्या खाली उतरावा लागतो. त्या वेळी खोडाच्या तंतूंत कोंडलेली हवा आकसते, थोडा रस गोठतो आणि झाड मुळांवाटे पाणी वर ओढून घेते. दुसऱ्या दिवशी ऊन पडून पारा वर चढला की बर्फ वितळते, दाबलेली हवा प्रसरण पावते आणि रस छिद्रावाटे बाहेर येतो. रात्र उबदार गेली तर रस नाही. दिवस गोठलेला राहिला तरीही रस नाही. वाऱ्याने दिशा बदलली तरी बादल्या कोरड्या राहतात. आणि पालवीचे कोंब एकदा फुगू लागले म्हणजे रस वाहत असूनही त्याची चव बिघडते आणि हंगाम संपतो. बंगालमध्ये नोकरीनिमित्त राहिलेल्या वाचकांना खजुरीच्या रसाची आठवण होईल. तेथेही कडक थंडीच्या रात्रीचा रस उत्तम, आणि ढगाळ, उबदार हवेत तो लगेच आंबतो. मेपलचे दैव याहूनही नाजूक आहे. त्याला थंडी हवी आणि ऊबही हवी, तीही आळीपाळीने. असा हंगाम चार ते सहा आठवड्यांचा असतो, आणि त्यातही रस खरोखर धो धो वाहण्याचे दिवस मोजकेच. ते केव्हा येतील हे आगाऊ सांगणे कोणालाच शक्य नसते.

ही लहर ज्यांनी प्रथम ओळखली आणि तिच्याशी संसार जुळवून घेतला, ते त्या भूमीचे मूळ रहिवासी. अनिशिनाबे, अबेनाकी, हौदेनोशौनी इत्यादी लोक हिवाळ्याच्या अखेरीस मेपलच्या राईत मुक्काम हलवीत. ठरावीक राईवर ठरावीक कुटुंबाचा वहिवाटीचा हक्क असे, आणि अनिशिनाबे लोकांत या कामाची सूत्रे बहुतांशी स्त्रियांच्या हाती असत. रसासाठी भूर्जाच्या सालीची भांडी शिवीत आणि तयार साखर भूर्जाच्याच पेट्यांत भरून ठेवीत. पुढे युरोपियन व्यापाऱ्यांकडून धातूच्या कढया मिळाल्या, तसे आटविण्याचे काम सुकर झाले. त्यांच्या पंचांगात एका चांद्रमासाला साखरेच्या कामावरूनच नाव पडले आहे. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की साखर हे त्यांच्या वर्षातील अनेक कामांपैकी एक काम होते. ते संपले की मासेमारी, मग पेरणी, मग रानातील फळे, मग शिकार. एखाद्या वसंताने दगा दिला तर त्या वर्षी गोड कमी, इतकेच. घर बुडत नसे. फ्रेंच आणि इंग्रज वसाहतकऱ्यांनी ही विद्या त्यांच्याकडूनच उचलली.

आता पुन्हा फिलाडेल्फियाकडे वळू. १७९० च्या सुमारास युरोप-अमेरिकेच्या चहा-कॉफीत पडणारी साखर मुख्यतः कॅरिबियन बेटांतून येई, आणि तेथील मळ्यांतील गुलामांचे आयुष्य इतके अल्प असे की आफ्रिकेतून नवी माणसे सतत आणल्याविना मळे चालत नसत. या अनाचाराविरुद्ध क्वेकर पंथीयांनी प्रथम आवाज उठविला. १७९१ मध्ये इंग्लंडात विल्यम फॉक्स यांची साखरेवर बहिष्कार पुकारणारी पुस्तिका निघाली आणि हजारो कुटुंबांनी चहात साखर घालणे सोडले. काही मंडळींनी तिच्या जागी हिंदुस्थानातून येणारी साखर पसंत केली, आणि पुढे तर ही साखर गुलामांनी केलेली नाही असा मजकूर लिहिलेली साखरदाणी मेजावर ठेवण्याची प्रथा पडली. कंपनी सरकारच्या अमलाखाली बंगालच्या रयतेची अवस्था काय होती हे मात्र त्या साखरदाणीवर लिहिलेले नसे. असो. अमेरिकेतील विचारवंतांना वाटले की आपल्याला सातासमुद्रांपलीकडे पाहण्याचे कारण काय? आपल्या अरण्यांत साखर झाडावर लागते! १७९० च्या एका पत्रात जेफरसन यांनी आनंद व्यक्त केला आहे तो असा, की ज्या साखरेसाठी कृष्णवर्णीयांची गुलामगिरी आवश्यक म्हणतात, तिच्या जागी केवळ मुलांच्या श्रमाने होणारी साखर येईल.

रश यांचा हिशेब याच श्रद्धेवर उभा होता. मध्यम आकाराचे झाड चांगल्या हंगामात वीस ते तीस गॅलन रस देते आणि त्यापासून पाच ते सहा पौंड साखर होते, असे त्यांनी नोंदविले. पुढील पायरी सोपी: झाडे इतकी, कुटुंबे इतकी, तर साखर इतकी, घरखर्चाला पुरून निर्यातीला उरेल. हा आकडा धादांत खोटा नव्हता. मोठे झाड, उत्तम वर्ष आणि जातिवंत रस असला तर तेवढी साखर निघू शकते. घोटाळा होता तो ‘चांगल्या हंगामात’ या दोन शब्दांत. हिशेब करताना ते दोन शब्द गळून पडले आणि चांगले वर्ष हेच सरासरी वर्ष होऊन बसले. दंवाच्या रात्री आणि उबदार दिवस या कामाला अनुकूल असतात हे रश यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. तरीही तशा रात्री आणि तसे दिवस एकामागून एक येतील याची हमी कोण देणार, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

योजना कागदावरच राहिली असे नाही. न्यूयॉर्क राज्यातील ऑटसिगो सरोवराकाठी कूपर्सटाउन वसविणारे विल्यम कूपर (कादंबरीकार जेम्स फेनिमोर कूपर यांचे वडील) आणि फिलाडेल्फियाचे क्वेकर व्यापारी हेन्री ड्रिंकर यांनी तिला भांडवल व कढया पुरविल्या. जमिनीचे हप्ते वसाहतकऱ्यांनी साखरेच्या रूपाने फेडावे अशी कूपर यांची कल्पना होती. ड्रिंकर आणि त्यांच्या सोबत्यांनी पेनसिल्व्हेनियात ‘युनियन फार्म’ नावाचा साखरेचा प्रकल्पच उभारला. हॉलंडच्या धनकोंनी गेरिट बोन नामक प्रतिनिधीस न्यूयॉर्कच्या अरण्यात धाडले. या गृहस्थाने उतारावरून लाकडी पन्हाळी बसवून सगळ्या झाडांचा रस एकाच ठिकाणी आणण्याचा घाट घातला. उन्हाने आणि ओलीने पन्हाळी वाकल्या, सांधे सुटले आणि रस जमिनीत जिरला. स्वतः जेफरसन यांनी १७९१ च्या उन्हाळ्यात उत्तरेकडे प्रवास केला, मेपलची चौकशी केली, लाँग आयलंडवरील एका रोपवाटिकेतून साठ रोपे मागविली आणि व्हर्जिनियातील आपल्या माँटिसेलो येथील मळ्यात लावविली. त्यांतील बहुतेक लवकरच मेली. जी जगली असती त्यांनाही तेथील सौम्य वसंतात गोठणाऱ्या रात्री कितीशा लाभल्या असत्या?

१७९५ च्या आसपास हा सारा उत्साह मावळला. कारणे नुसती हवामानाची नव्हती. बर्फ वितळण्याच्या दिवसांत रस्ते चिखलात जात आणि साखर शहरापर्यंत पोचविणे जिकिरीचे होई. वसाहतकऱ्यांना जमीन मोकळी करण्याची घाई असे, आणि जाळलेल्या झाडांच्या राखेपासून होणाऱ्या पोटॅशला रोख पैसे मिळत. मग चाळीस वर्षे वाढलेला मेपल राखून वर्षातून महिनाभर रसाची वाट कोण पाहणार? परंतु ही कारणे दरवर्षी सारखीच होती आणि त्यांच्यावर उपाय निघू शकला असता. निरुपाय होता तो वसंताच्या लहरीपुढे. भांडवलाला व्याज दरवर्षी द्यावे लागते. मेपल रस दरवर्षी सारखा देत नाही. या दोहोंची गाठ घालता आली नाही.

रश यांच्या हिशेबाबाहेर राहिलेली एक गोष्ट वसंत. दुसरी याहून मोठी होती. त्यांचा निबंध वाचला गेला १९ ऑगस्टला. तीनच दिवसांनी, २२ ऑगस्ट १७९१ च्या रात्री, सेंट डोमिंग या फ्रेंच वसाहतीच्या उत्तर भागातील गुलामांनी उठाव केला आणि उसाचे मळे पेटविले. ती त्या काळातील जगातील सर्वांत मोठी साखर-वसाहत. तेथे सुमारे पाच लाख माणसे दास्यात होती. फिलाडेल्फियाच्या सभागृहात ज्यांच्या मुक्तीसाठी झाडांचा हिशेब चालला होता, त्यांनी कोणाच्या झाडाची वाट पाहिली नाही. १७९४ मध्ये फ्रेंच राष्ट्रसभेस गुलामगिरी रद्द करावी लागली. नेपोलियनने ती पुन्हा लादू पाहिली तेव्हा त्याच्या सैन्याला हार खावी लागली आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती हे स्वतंत्र राष्ट्र जन्मले. उठावानंतर साखरेचे भाव कडाडले. मेपलच्या पुरस्कर्त्यांना याहून चांगली संधी मिळाली नसती. परंतु झाडे ती तूट भरून काढू शकली नाहीत. ती भरून काढली क्युबासारख्या इतर मळ्यांनी, आणि तीही गुलामांकरवीच. क्युबात दास्य संपावयास १८८६ साल उजाडले.

येथे न्यायबुद्धीने दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. गुलामगिरीचा निषेध करणारे रश स्वतः त्या वेळी एका गुलामाचे धनी होते आणि जेफरसन यांच्या मळ्यात तर शेकड्यांनी गुलाम राबत. म्हणून त्यांच्या योजनेला ढोंग म्हणून निकालात काढणे सोपे आहे. मला ते पटत नाही. आपल्या पेल्यात काय पडते आणि ते कोणाच्या श्रमाने आले, हा प्रश्न त्यांनी विचारला हे मोलाचेच होते. त्यांची उणीव निराळी होती. दास्याच्या प्रश्नाला त्यांनी पुरवठ्याचा प्रश्न केले. एक वस्तू काढून तिच्या जागी दुसरी ठेवली म्हणजे अन्याय आपोआप गळून पडेल, कोणालाही काही सोडावे लागणार नाही, धन्याला गुलाम नाही आणि गिऱ्हाइकाला गोडी नाही, अशी ती आशा होती. अशा आशेचा हिशेब नेहमीच सुबक जुळतो. त्यात ज्यांचे दुःख असते त्यांच्या इच्छेला रकाना नसतो.

भांडवलदारांनी सोडून दिलेली साखर लहान शेतकऱ्यांनी मात्र सोडली नाही. मार्च महिन्यात न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्याची लाकूडतोड संपलेली असते आणि नांगरणीला जमीन अद्याप चिखल असते. हे रिकामे दिवस, स्वतःच्या रानातले जळण आणि घरचीच माणसे एवढ्यावर त्याचे साखरघर चाले. व्हरमाँटमध्ये मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावोगाव ग्रामसभा भरतात; त्या सुमारास झाडांना छिद्रे पाडावयाची हा तेथील जुना दंडक. वर्ष चांगले गेले तर विकावयास साखर, वाईट गेले तर घरापुरती. व्याज देणे नसल्यामुळे त्याला वाईट वर्ष सोसवत असे. १८६० च्या अमेरिकन जनगणनेत मेपलच्या साखरेचे उत्पादन सुमारे चार कोटी पौंड नोंदले गेले. कोणत्याही मोठ्या प्रकल्पावाचून, घरोघरच्या कढयांतून हे घडले. पुढे बिडाच्या कढया जाऊन पत्र्याच्या पसरट काहिली आल्या, लाकडी पन्हळीऐवजी धातूची तोटी आली. उसाची व बीटची साखर स्वस्त झाली तशी मेपलची साखर मागे पडली. शेतकऱ्यांनी तक्रार केली नाही. साखर करणे सोडून काकवीच डब्यांत भरून विकावयास प्रारंभ केला. ज्या चवीला पूर्वी कमअस्सल मानीत, तीच आता विक्रीचे कारण ठरली.

विज्ञानाने या धंद्याला पुष्कळ साह्य केले. व्हरमाँटच्या प्रयोगकेंद्राने १९०३ मध्ये रसाच्या प्रवाहावर मूलभूत संशोधन प्रसिद्ध केले. १९५० नंतर प्लास्टिकच्या नळ्यांची जाळी रानांतून पसरली आणि गेरिट बोन यांचे स्वप्न दीडशे वर्षांनंतर खरे झाले. आज निर्वात पंपांनी रस ओढून घेतात. परंतु रात्र गोठविणारे यंत्र कोणी काढलेले नाही. २०१२ च्या मार्चमध्ये व्हरमाँटात पारा ८० अंश फॅरनहाइटच्या घरात गेला, कळ्या अकाली फुगल्या आणि अमेरिकेचे उत्पादन मागील वर्षाच्या सुमारे दोन-तृतीयांशावर आले. हल्ली हिवाळे सौम्य होत चालल्याने कित्येक शेतकरी जानेवारी-फेब्रुवारीतच छिद्रे पाडून बसतात. ग्रामसभेचा मंगळवार तोच आहे. ऋतू मात्र त्याच्यापुढे निघून गेला आहे. तरीही शे-दोनशे झाडांचा धनी अवेळी पडलेल्या बर्फाकडे आजही आशेने पाहतो. पिकाच्या मुळावर येणारे ते बर्फ त्याच्या हंगामाला चार दिवसांचे आयुष्य देते, म्हणून त्याला तेथे ‘साखरेचे बर्फ’ म्हणतात.

जगातील बहुतांश मेपल-काकवी आता क्वेबेक प्रांतात होते. तेथील उत्पादकांच्या संघाने २००० साली एक राखीव साठा निर्माण केला. भरघोस वर्षाची शिल्लक पिंपांत भरून ठेवावयाची आणि हात आखडत्या वर्षी बाजारात सोडावयाची. २०१२ मध्ये या साठ्याची प्रत्यक्ष मोजणी करावयास गेलेल्या अधिकाऱ्यास पिंपे रिकामी किंवा पाण्याने भरलेली आढळली. सुमारे तीन हजार टन काकवी चोरीस गेली होती. साठ्याची वार्षिक पडताळणी हा निव्वळ रिवाज मानणाऱ्यांनी ही कथा अवश्य लक्षात ठेवावी. परंतु साठा टिकला. २०२१ चा वसंत आखूड आणि उबदार गेला, तेव्हा संघाने सुमारे पाच कोटी पौंड काकवी बाहेर काढून गिऱ्हाइकांची मागणी भागविली. उत्पादनावर कोटा बांधून देण्याची या संघाची शिस्त काही लहान उत्पादकांना जाचक वाटते, हेही खरे. तथापि एक गोष्ट मान्य करावयास हवी: ‘चांगल्या हंगामात’ हे दोन शब्द या मंडळींनी हिशेबातून गळू दिले नाहीत. वाईट वर्ष येणारच हे गृहीत धरून त्यांनी जमाखर्च मांडला.

भूर्जाच्या पेटीत साखर जपून ठेवणारी अनिशिनाबे स्त्री, घरच्या जळणावर काहील चढविणारा व्हरमाँटचा शेतकरी आणि पिंपांच्या राशी रचणारा क्वेबेकचा संघ यांच्यात काळाचे, साधनांचे आणि सत्तेचे अंतर फार मोठे आहे. त्यांना जोडणारा धागा एकच: जे आपल्या हाती नाही त्याच्यासाठी त्यांनी जागा राखली. डॉ. रश यांची आकडेमोड त्यांच्यापेक्षा सरस होती, हेतूही उच्च होता. ती जागा मात्र त्यांच्या कागदावर नव्हती. ऋतूला ती जागा नाकारली तर धंदा बुडतो, आणि तेवढ्यावरच भागते. माणसांना ती नाकारली म्हणजे काय होते, ते १७९१ च्या ऑगस्टमध्ये सेंट डोमिंगच्या पेटलेल्या मळ्यांनी दाखवून दिले.